चुना वाळेपर्यंत

मैनाचं बोट फोनवर पडलं आणि आतून एक बाई हसली. इतकंच झालं. दुपार होती. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, मूल गावच्या बाजारात गेल्या होत्या. मागच्या राइस मिलचा घरघराट भिंतीतून पाठीला लागत होता आणि मी उंबऱ्याजवळ बसून माझ्या लेकीच्या, मैनाच्या टाळूला तेल लावत होते. ती हलू नये म्हणून फोन तिच्या हातात दिला होता. तिनं तो चाखला, आपटला, कुठं कुठं दाबला, आणि एकदम नाण्यांचा खणखणाट, त्या बाईचं हसू, पडद्यावर गरगर फिरणारे लाल-काळे पत्ते. मैनाला ते फार आवडलं. तिनं मान मागं टाकून माझ्याकडे बघितलं आणि ती हसली, पुढचे नवे दात, हनुवटीवर लाळ. मीही हसले असते. पण वरच्या पट्टीत, जिथं साइटचं नाव असतं तिथं, मला माझी अक्षरं दिसली. हाकदे डॉट इन. तेलाच्या बोटांनी मी ते पान बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. दर वेळी बाई हसायची. शेवटी मी पान खाली सरकवत नेलं. तळाशी बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की हे नाव विकणे आहे. आपण आपल्या स्वयंपाकघरात जावं, तिथं एक अनोळखी माणूस आपल्याच ताटात जेवत असावा, आणि त्यानं वर बघून शांतपणे विचारावं, काय पाहिजे, तसं ते वाक्य होतं. मैना फोनसाठी हात पसरून रडायला लागली.

हाकदे म्हणजे काय, हे गोंडपिपरीपासून मुलचेऱ्यापर्यंत ज्या घरात सिकलचं पोर आहे तिथं सांगावं लागत नाही. माझ्या माहेरी आहे. पियुष, माझा धाकटा भाऊ. सिकल हा रक्ताचा जन्मजात आजार. थंडी पडली की पोराच्या सांध्यांत कळा सुरू होतात, रक्त उतरतं, आणि मग बाहेरचं रक्त द्यावं लागतं. पियुषचा गट असा की रक्तपेढीत तो बहुतेक वेळा नसतोच. माणूस शोधून आणावा लागतो. लहानपणी आई त्याचे पाय मांडीवर घेऊन बसायची आणि बाबा सायकल काढून गावोगाव जायचे. "कोनाचं निगेटिव्ह हाये का हो भाऊ," असं दारोदार. त्या दिवसांतलं मला पियुषचं रडणं आठवत नाही, तो रडायचाच नाही. आठवते ती बाबांच्या सायकलची सैल साखळी. ती कडकड करत लांबून जवळ आली, की मी आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करायची, मागच्या कॅरियरवर कुणी बसलेलं आहे की नाही. ओझं असलं की साखळी वेगळी वाजते. कॉलेजात असताना मी आणि माझी मैत्रीण संघप्रिया, आम्ही दोघींनी मिळून ती साइट केली. गावानुसार, गटानुसार माणसं, रक्त द्यायला उठून येणारी, आणि त्यांचे फोन. बाबांची सायकल आम्ही फोनात घातली, असं आम्हाला वाटलं होतं. नाव आईनं दिलं. ती म्हणाली, "त्याईले म्हना हाक दे. हाक देल्ली का मानूस येते."

संघप्रिया आता गडचिरोलीत रक्तपेढीत काम करते. तिला फोन लावला तेव्हा मैना खांद्यावर हुंदके देत होती.

"प्रिया, हाकदे उघडून पाह्य."

"काऊन वो, का झालं?"

"पाह्य ना तू."

मग फोनातून, गडचिरोलीहून, तीच बाई हसली. संघप्रियानं ते पान बंद केलं. मग म्हणाली, "मुदत संपली असन. आपण तवा काही वर्साचं एकदम घेतलं होतं ना? मुदत संपली का नाव थोडे दिवस तसंच पडून राह्यते, मंग कोनीबी उचलते. लोकायचा धंदाच हाये हा. सुटलेलं नाव हेराचं, घ्याचं, आन ज्याचं होतं त्यालेच इकाचं. आपली यादी गेली नाई, ते माह्याजवळ हाये. निस्तं नाव गेलं."

"पण मुदत संपताना नाव देनाऱ्या कंपनीनं कळवाले नको का?"

"कळवलं असन ना. दिव्यानीले कळवलं असन."

तिनं हे सहज म्हटलं. दिव्यानी मी. म्हणजे होते. लग्नात या घरच्या पत्रिकेत प निघाला आणि मी पुनम झाले. ताटात तांदूळ पसरले होते, मिलचेच, नवे, पॉलिश न केलेले, आणि नवऱ्यानं, प्रणितनं, अंगठीनं त्यात नाव काढलं. त्याआधी तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला होता, "चालन ना तुले?" मी मान हलवली. सगळ्याच हलवतात. बायका हसल्या, कुणीतरी फोटो काढला, आणि मग कुणाच्या तरी हातानं ताट हललं, तांदूळ सपाट झाले. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी तोच तांदूळ शिजत घातला. मला तो भात चांगला आठवतो, थोडा चिकट, गोडसर. मी दोनदा घेतला होता. नावाबरोबर सिमही बदललं. नव्या सुनेला नवं सिम, जुन्या नंबरवर जुनी माणसं फोन करतात, त्यापेक्षा नको. यात कुणाचा जाच नव्हता, आमच्याकडे असंच असतं. जुनं सिम मी पियुषला देऊन आले. कंपनीची पत्रं यायची तो माझा ईमेल उघडायची किल्ली, ओटीपी, त्याच सिमवर यायची, आणि कंपनीकडे नंबरही तोच होता. मी त्याला फोन केला, उगाच इकडचं तिकडचं विचारल्यासारखा. "हो ताई," तो म्हणाला, "मंधात लई मेसेज यायचे इंग्रजीत. दिव्यानी, तुमचं अमूक संपून राह्यलं, तमूक संपून राह्यलं. मले वाटलं फसवनारे असतीन. मी उडवत गेलो. काऊन, कामाचे होते का?" मी म्हटलं, "नाई रे. असंच." ज्याच्यासाठी ते नाव होतं त्याच्याच अंगठ्यानं ते पुसत नेलं होतं, आणि हे त्याला कधी कळू द्यायचं नाही, हे मी मैनाच्या कुरळ्या केसांत नाक घालून ठरवलं. तिच्या डोक्याला तेलाचा आणि उन्हाचा वास येत होता.

तेव्हापासून माझ्या दुपारी माझ्या राहिल्या नाहीत. मैना झोपली की मी फोन घेऊन न्हाणीच्या मागं जायची, तिथं मिलच्या आवाजात माझा आवाज बुडतो. ज्या कंपनीकडून नाव घेतलं होतं ती म्हणाली, आता आमच्या हातात नाही. तक्रार करता येते, लवादाकडे, पण हे नाव आधी तुमचंच होतं याचा पुरावा लागेल. पुराव्यात दिव्यानी. आधारवर पुनम. फोनवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅम, या दोन्ही व्यक्ती एकच आहेत याचं काही आहे का?" मी म्हटलं, आहे, मी आहे. तो हसला, वाईट अर्थानं नाही. राजपत्रात नाव छापून आणा, मग तक्रार, मग सुनावणी. किती दिवस, विचारलं तर तो सांगेना. इकडे धान पिवळं पडायला लागलं होतं. सकाळी मैनाला बाहेर नेताना तिच्या कानांना टोपी घालावी लागत होती. थंडी दिवस मोजून येत नाही. ती येते तेव्हा अगोदर पियुषच्या गुडघ्यांत येते, मग आमच्याकडे.

संघप्रिया म्हणाली, नवं नाव घेणं सोपं आहे, पण भिंतींचं काय? भिंती खऱ्या. माझ्या लग्नानंतर प्रणितनंच ते केलं होतं. तो मिलमध्ये बारदान्यावर मार्का मारतो. पत्र्यात अक्षरं कापलेली असतात, पत्रा पोत्यावर ठेवायचा, वरून शाईचा बोळा फिरवायचा. एका रविवारी तो घरी आला तेव्हा त्याच्या हातात नवा कापलेला पत्रा होता. हाकदे डॉट इन. त्यानं तो आमच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लावला आणि काळ्या शाईचा बोळा फिरवला. मग पत्रा बाजूला करून म्हणाला, "एवढं तरी तुझं इथी असू दे." मला तेव्हा पहिल्यांदा त्याला हात लावावासा वाटला, दिवसाढवळ्या, रस्त्यावर. पुढं धान घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर तो पत्रा गावोगाव गेला आणि परत आला, परत गेला. शाळेची भिंत, समाजमंदिर, पाण्याची टाकी. बसमधून मैनाला पोटात घेऊन गोंडपिपरीला जाताना मी खिडकीतून ती अक्षरं बघायची. सगळीकडे एकच वळण, ह चा पाय जरासा तुटलेला. माझं स्वतःचं नाव कुठं लिहिलेलं नव्हतं, पण हे होतं. आता त्या सगळ्या भिंती लोकांना त्या हसणाऱ्या बाईकडे पाठवत होत्या.

"ज्यानं नाव उचललं त्याले लिही," संघप्रिया म्हणाली, "पण गरज हाये हे कळू देऊ नको. दुसऱ्याच कोनाच्या नावानं लिही. दुकानवाली म्हणून लिही." मला आत्याबाई आठवल्या. बाजारात त्यांना वांगी घ्यायची असली की त्या आधी भेंडी हातात घेतात, मोडून बघतात, तोंड वाकडं करतात, चार पावलं पुढं जातात. त्या पानाच्या तळाशी, विकणे आहे तिथं दाबून, मी पुनम म्हणून लिहिलं, खाली माझा नंबर दिला. एक छोटं दुकान, हे नाव बरं वाटलं, नसेल जमत तर दुसरं बघू. पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. छातीतून दूध उतरलं, ब्लाउज ओला झाला, मैना तर झोपलेलीच होती.

दुसऱ्या दुपारी अनोळखी नंबर. मी उचलला.

"नमस्ते. दिव्यानी जी बोल रही हैं?"

मी म्हणाले, हां. म्हणजे माझं तोंड म्हणालं. मी नाही म्हणायला हवं होतं, मी पुनम होते, दुकानवाली. पण ते नाव कानात शिरलं आणि कुठंतरी खूप आत, जिथं कुणी जात नाही, तिथं एक मुलगी वर्गात हात वर करून उभी राहिली. हजर. माहेरीसुद्धा आता ताई, नाहीतर मैनाची आई. संघप्रिया मला आधीपासून 'वो' म्हणते. लग्नानंतर मला दिव्यानी अशी हाक मारणारा हा पहिला माणूस होता. त्याचा आवाज मऊ होता, वयानं फार नसावा, मागं पंखा फिरत होता. म्हणाला, पुरानी साइट पर आपका नाम और फोटो था, भाई के साथ. आपके व्हॉट्सॲप पर वही फोटो है. "मैं तो बस छूटे हुए नाम उठाता हूँ, दिव्यानी जी. कोई गलत काम नहीं करता." मग त्यानं जो आकडा सांगितला तो मी इथं लिहीत नाही. प्रणितनं मिलमध्ये किती पोत्यांवर मार्का मारला तर तो होईल, याचा हिशेब मी मनात सुरू केला आणि अर्ध्यावर सोडला.

तो मग अधूनमधून फोन करू लागला. दर वेळी आधी नाव घ्यायचा. मला त्या माणसाची चीड होती. झोपेत दात खायला लागले होते, प्रणितनं सांगितलं. आणि तरी दुपारी फोन थरथरला की आधी कानाला ते नाव हवं असायचं, मग चीड यायची. एखाद्या चोरानं आपलीच वस्तू रोज खिडकीतून दाखवावी, आणि आपण रोज खिडकीशी जावं. हे मी कुणाला सांगणार होते? मैनाला पाजताना मी तिला हळूच सांगायची, दिव्यानी, दिव्यानी. ती दूध सोडून बघायची, कुणाला हाक मारतेय ही. आत्याबाईंच्या लक्षात आलंच. त्या अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कोन फोन करून राह्यला वो तुले? न्हानीमांगं काऊन जाते बोलाले?"

"कामाचा हाये आत्याबाई. साइटचा."

"कामाचा हाये तं घरात बोल. न्हानीमांगं तं साप निंगते." आणि सुपातला कोंडा असा उडवला की माझ्या पायांवर आला.

त्याच आठवड्यात संघप्रियाचा फोन आला. गोंडपिपरीच्या पलीकडून अंजनाबाई नावाची एक बाई नातवाला घेऊन तिच्याकडे आली होती. पोराला कळा सुरू झाल्या तशी तिनं शेजारच्याला भिंतीवरचं नाव उघडायला लावलं. पत्ते निघाले. शेजाऱ्यानं पुढं पुढं दाबलं, नंबर मागितला तसा तिचा नंबर घातला, कारण त्याला वाटलं रक्तासाठीच मागताहेत. मग दिवसभर तिला फोन येत राहिले. लोन पाहिजे का, खेळायचं का. तिला वाटायचं रक्तवाल्याचाच फोन आहे, म्हणून ती प्रत्येक फोन उचलायची आणि आधी नातवाचा गट सांगायची. "पोरगं वाचलं," संघप्रिया म्हणाली, "पण थोडक्यात. आन मले म्हनते, बाई, तुमच्या हाकदेवाल्यायले सांगा, गरिबासंगं पत्ते नोका खेळू." हे सांगताना तिचा आवाज फुटला. ती कधी रडत नाही, रक्तपेढीत काम करते.

म्हणून पुढच्या वेळी मी भेंडी टाकून दिली. तो म्हणाला, "दिव्यानी जी, सोचा क्या आपने?" आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं, सिकल, पियुष, भिंती, अंजनाबाई. "वो लोग खून ढूँढने आते हैं भैया. बच्चों के लिए. खेलने नहीं आते." तिकडे फक्त पंखा. मला वाटलं तो रडतोय. खरंच असं वाटलं. मैना माझ्या कडेवर होती आणि माझं मंगळसूत्र तोंडात घालून चावत होती. मग तो म्हणाला, आवाज तसाच मऊ, "मैं भी देख रहा था, रोज इतने लोग कहाँ से आते हैं. इतने छोटे नाम पे. तब तो दिव्यानी जी, आपको ये नाम और भी जरूरी है." आणि आकडा वाढला. मी फोन ठेवला नाही, तो माझ्या हातातून घसरला. चुलीजवळच्या राखेत पडला. म्हणजे आमच्या भिंतीच त्याला श्रीमंत करत होत्या. पोराला घेऊन धावणारी प्रत्येक आई त्याच्याकडे जाऊन नावाची किंमत थोडी थोडी वाढवत होती, आणि थंडी जशी वाढेल तशी ती वाढत जाणार होती. संध्याकाळची भाजी करपली. आत्याबाईंनी ती गुपचूप खाल्ली, हे जास्त वाईट होतं.

जेवताना प्रणितनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, सगळं, तो मला दिव्यानी म्हणतो तेसुद्धा. फक्त ते कानाला हवंसं वाटायचं, तेवढं ठेवून घेतलं. ते माझं आहे. प्रणित बोटं चाटत राहिला. मग म्हणाला, "आमच्या सेठचं एकदा असंच झालं होतं. कोनीतरी आपला मार्का कापला आन त्यात कनकी, तुटके तांदूळ, भरून इकाले लागला. सेठ भांडला नाई. त्यानं आपलाच मार्का सोडून देल्ला. ट्रकवाल्यायले सांगून पाठोलं, हा मार्का पाह्यला का माल घेऊ नोका. थो बसला मंग बारदाना घेऊन."

"भिंती पुसाच्या म्हनता?"

"मी काई म्हणत नाई. मार्का मीच मारला होता ना." तो हात धुवायला उठला. त्याची पाठ मला बराच वेळ दिसत राहिली. मला पहिल्यांदा कळलं की ती अक्षरं पुसायला लागतील तेव्हा त्याच्याही जिवाला लागणार आहे.

दिवाळी तोंडावर होती. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी, पाहुणे येतात, नाटक असतं, म्हणून त्याआधी प्रत्येक घर चुन्यानं पोतलं जातं. कुणाला वेगळं काही करायला सांगायचं नव्हतं. पोतताना लोक ते नाव सोडून पोतायचे, यंदा नावासकट पोता, एवढंच. संघप्रियानं यादीतल्या माणसांना फोन केले. मुलचेऱ्याकडचा श्रीहरी, जो पियुषला रक्त द्यायला मोटरसायकलवर येतो, त्यानं विचारलं, "मंग ताई, त्या जाग्यावर का लिव्हाचं? भिंत बोडकी दिसन." संघप्रिया म्हणाली, तुझंच नाव लिही. गट लिही, फोन लिही. तिनं चिडून म्हटलं होतं बहुतेक. पण त्यानं लिहिलं, आणि त्याचा फोटो पाठवला. निळीनं, वाकडंतिकडं, श्रीहरी, बी निगेटिव्ह, कधीही. मग दुसऱ्या गावानं तसंच केलं. पियुषनं मला मंडईतलं ध्वनिमुद्रण पाठवलं, नाटकाच्या मध्यंतरात माईकवरचा माणूस घसा खाकरून सांगत होता की भिंतीवरच्या हाकदेवर आता कोणीही जाऊ नये, तिथं पत्तेवाला बसला आहे, आपल्या गावातली आणि मुलचेऱ्यापर्यंतची नावं समाजमंदिरावर लिहिली आहेत, माताभगिनींनी नोंद घ्यावी. मागं पोरं शिट्ट्या मारत होती. मी ते दुपारी भाकरी थापताना ऐकलं, पुन्हा पुन्हा. आत्याबाईंनीही ऐकलं. "भला अवाज हाये त्याचा," एवढंच म्हणाल्या.

आमची भिंत मी ठेवली होती. आज करू, उद्या करू. मैनाला सर्दी आहे, चुना भिजला नाही. बाकी घर पांढरं झालं आणि रस्त्याकडचा तेवढा तुकडा जुन्या रंगाचा राहिला, मध्ये काळी अक्षरं. त्या नाव उचलणाऱ्याचे फोन येत होते, मी घेत नव्हते. आधी आकडा खाली आला, मेसेजमधून. मग आणखी खाली. मग नुसतं, दिव्यानी जी, प्लीज बात कीजिए. मी तो मेसेज उघडायची आणि पहिला शब्द वाचून बंद करायची.

मग थंडी पडली. पियुषला कळा सुरू झाल्या आणि आईचा फोन आला, तिच्या मागं काहीच आवाज नव्हता, तो रडत नाही. मैनाला घेऊन जाऊ की ठेवून जाऊ, गोंडपिपरीची बस कधी, श्रीहरी फोन उचलत नव्हता. मी घरात गोल गोल फिरत होते. आत्याबाईंनी मैनाला माझ्याकडून काढून घेतलं, म्हणाल्या, "तू बस पयले." नंतर कळलं, श्रीहरी फोन उचलू शकला नाही, कारण तो मोटरसायकलवर होता. माझ्या आईच्या शेजारणीनं समाजमंदिराच्या भिंतीवरून नंबर वाचून त्याला आधीच हाक मारली होती. आमच्या कुणाच्या आधी. संध्याकाळी पियुषचा स्वतःचा फोन आला, आवाज कापसासारखा. "ताई, श्रीहरीभाऊ म्हनते, तुह्या अंगात आता माह्यं इतकं रगत हाये का पुढच्या इलेक्शनले तू माह्याच गावात उभा राह्य." मी हसले आणि मैनाला आत्याबाईंकडून परत घेतलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी चुना कालवला. प्रणित मिलमध्ये होता. तो समोर नसावा असं मला वाटत होतं, त्यालाही वाटत असावं, सकाळी निघताना त्यानं भिंतीकडे बघितलं नाही. मैना अंगणात गोणपाटावर, तिच्यापुढं फोन, कारण दुसरं काही दिलं तर ती चुन्याकडे रांगत येते. आत्याबाई उन्हाला पाठ देऊन शेंगा फोडत होत्या. मी कुंचा बुडवला आणि ह च्या तुटक्या पायावरून फिरवला. काही झालं नाही. ओला चुना पाण्यासारखा असतो, खालचं सगळं दिसतं, उलट शाई अजून काळी झाली, कालच मारल्यासारखी. मी दुसरा हात दिला. अक्षरं अजून तिथंच. माझे हात कोपरापर्यंत पांढरे, बोटांच्या पेरांना चुना चावत होता. आणि तेव्हाच मागं फोन वाजला, आणि थांबला, कारण मैनानं तो दाबला होता.

"हॅलो? दिव्यानी जी?"

तो आवाज आमच्या अंगणात मोठ्यानं आला. लाउडस्पीकर तिनं कसा लावला देव जाणे. मैना फोनवर वाकली आणि त्याला म्हणाली, "आ." तो म्हणाला, "दिव्यानी जी, देखिए, अब कोई आ ही नहीं रहा. आपको जो ठीक लगे, दे दीजिए. नाम ले जाइए." मैना पुन्हा म्हणाली, "आ, आ." मी कुंचा हातात धरून उभी राहिले. वळता येईना. त्या नावाला माझी मान वळू बघत होती आणि मी ती भिंतीकडे धरून ठेवली होती. मला आत्याबाईंची चाहूल लागली. त्या उठल्या, पदरातली टरफलं झटकली, नातीच्या हातातून फोन घेतला आणि तोंडापासून लांब धरून, बाजारात धरतात त्या आवाजात म्हणाल्या, "कोन हाये रे? दिव्यानी के हात को चुना लगा हाये. अब्बी नाई आती वो. बाद में कर." आणि फोन बंद करून ब्लाउजात खोचला.

त्यांनी ते नाव कसं घेतलं ते मी विचारलं नाही. सहज घेतलं, लसूण म्हणावं तसं. त्या परत शेंगांकडे बसल्या.

"का म्हनत होता थो?" थोड्या वेळानं मीच विचारलं, भिंतीला.

"नाव घेऊन जा म्हने. सस्त्यात."

"मंग?"

"मंग का? करू दे अजून दोन-चारदा फोन. गरज त्याले हाये." शेंग कडकन फुटली. "तू तिथी उभी काऊन हाये वो? कोरडं होऊ दे पयले."

मी मैनाला उचललं. तिच्या फ्रॉकवर माझी पांढरी बोटं उमटली. आम्ही दोघी भिंतीसमोर उभ्या राहिलो, ऊन येत होतं, आणि एका कोपऱ्यातून चुना वाळायला लागला होता, वाळेल तिथं दाट पांढरा होत. ह चा पाय गेला. बाकीचं अजून दिसत होतं.